डीकॉकर: एका कळीला दोन कामं दिली की काय होतं

ज्यांना लोकलच्या गर्दीत आवाज नीट येत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोलतानाचं "अं... म्हणजे" तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय पिस्तूल. त्यातही पिस्तुलावरची एक छोटीशी कळ, तिचं नाव डीकॉकर. आधीच सांगतो, मी शस्त्रांचा माणूस नाही. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. आणि भारतात ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला लायसन्स काढूनही मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडतं. मग हा विषय का? कारण वापरणाऱ्याच्या हातून नको ते बटण दाबलं जाणं हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, आणि त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. आपल्या ॲपमध्ये चुकीचं बटण दाबलं गेलं तर ऑर्डर कॅन्सल होते. इथे माणूस जातो.

एपिसोडचं सार एका वाक्यात सांगायचं तर: बटण चुकून दाबलं जाणारच आहे, म्हणून खरा प्रश्न हा की ते दाबलं गेल्यावर यंत्र कुठल्या अवस्थेत जाऊन थांबतं, आणि ते माणसाला कळतं का.

डीकॉकर म्हणजे काय, आणि तो हवाच कशाला?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात वरचा जो भाग मागे-पुढे सरकतो त्याला स्लाइड म्हणतात. सिनेमात हिरो "खट-खट" करून जो भाग मागे ओढतो तो हाच. स्लाइड मागे ओढून सोडली की मॅगझिनमधलं काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये जातं, आणि त्याच वेळी मागचा हॅमर, म्हणजे घोडा, ताणून उभा राहतो. (मुंबईच्या टपोरी भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, पण मूळ अर्थ हा.)

घोडा उभा असताना ट्रिगर, म्हणजे चाप, अगदी हलका लागतो. अमेरिकी सैन्याचं एम-९ हे पिस्तूल घेतलं, तर या अवस्थेत साधारण अडीच किलोचा जोर पुरतो. घोडा खाली असेल तर त्याच चापाला दोन कामं करावी लागतात: आधी घोडा ताणायचा, मग सोडायचा. त्यासाठी साधारण साडेपाच किलो जोर लागतो आणि बोटही बरंच लांबवर ओढावं लागतं. पहिल्या प्रकाराला सिंगल ॲक्शन म्हणतात, दुसऱ्याला डबल ॲक्शन.

आता समजा पिस्तूल भरलेलं आहे, घोडा उभा आहे, आणि गोळी झाडायची गरज संपली. ते तसंच कमरेला लावणं धोक्याचं. घोडा हाताने खाली आणायचा तर तो अंगठ्याने धरून चाप ओढायचा आणि हळूहळू खाली सोडायचा. अंगठा घामेजलेला असेल, थंडीने बधिर असेल, निसटला, की गोळी सुटली. हा धोका टाळायला डीकॉकर आला. कळ दाबली की घोडा सुरक्षितपणे खाली येतो आणि काडतुसाला धक्का लागत नाही. जर्मनीच्या वाल्थर कंपनीने १९२९ च्या पीपी पिस्तुलात आणि पुढे जर्मन सैन्याच्या पी-३८ मध्ये हे आणलं. म्हणजे डीकॉकर हे मुळात सुरक्षेचं फीचर आहे. ते लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते.

बेरेटाची कळ

इटलीच्या बेरेटा कंपनीचं मॉडेल ९२ हे १९७० च्या दशकातलं पिस्तूल. पहिल्या आवृत्तीत सेफ्टीची कळ खालच्या सांगाड्यावर होती, आणि ती फक्त सेफ्टी होती. पुढच्या ९२एस मध्ये ती उचलून स्लाइडवर नेली आणि तिलाच डीकॉकरचं कामही दिलं. कळ खाली केली की दोन गोष्टी एकदम होतात: घोडा खाली येतो, आणि पिस्तूल सेफवर जातं. त्यात फायरिंग पिनचा मागचा तुकडा फिरून घोड्याच्या वाटेतून बाजूला होतो आणि चापाचा आतल्या यंत्रणेशी संबंध तुटतो. चाप ओढला तरी काही होत नाही. कळ परत वर केली तरच पिस्तूल चालतं.

कागदावर हे सुंदर दिसतं. एक हालचाल, दुहेरी सुरक्षा. याच वंशातलं ९२एफ अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये एम-९ म्हणून घेतलं.

अडचण कुठे आहे ते डोळ्यांसमोर आणा. कळ स्लाइडवर, मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंना. आणि स्लाइड मागे ओढण्यासाठी हात धरायचा कुठे? त्याच मागच्या टोकाला. चिमटीत धरून ओढलं तर फारसा प्रश्न येत नाही. पण घाईत, हातमोजे घालून किंवा ओल्या हाताने चिमटीची पकड पुरत नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी शिकवतात की तळवा वरून टाका, चार बोटांनी स्लाइड घट्ट पकडा आणि जोरात मागे खेचा. या पकडीत एका बाजूला बोटं आणि दुसऱ्या बाजूला तळव्याची गादी बरोबर त्या कळीवर येते. खेचताना कळ खाली ढकलली गेली, की पिस्तूल सेफवर.

आता हे कधी होणार? स्लाइड घाईने ओढायची वेळ येते ती पिस्तूल अडकल्यावर. काडतूस फुटलं नाही किंवा नीट बसलं नाही, तर सैनिकाला एक ठरलेली कवायत शिकवलेली असते: मॅगझिनच्या बुडावर थाप मारा, स्लाइड ओढा, परत झाडा. समोरून गोळ्या येतायत, हा माणूस थाप मारतो, स्लाइड खेचतो, चाप ओढतो. काहीच नाही. त्याला वाटतं पिस्तूल अजून अडकलेलंच आहे. म्हणून तो परत थाप मारतो, परत खेचतो. एक चांगलं काडतूस बाहेर उडून पडतं आणि कळ खालीच राहते.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी हा लूप ओळखला असेल. एरर एक आहे, आपण हँडल करतोय दुसरी, आणि प्रत्येक रिट्राय तीच एरर परत तयार करतोय. वाईट भाग हा की दोन्ही बिघाडांचं लक्षण सारखंच: चाप ओढला, गोळी नाही. आत काय झालंय ते हाताला कळत नाही. सेफवर असताना लाल ठिपका झाकला जातो, दिसण्याची सोय आहे. पण त्या क्षणी त्या माणसाची नजर ठिपक्यावर नसते.

खाली म्हणजे चालू की बंद?

याच पिस्तुलाची दुसरी गंमत दिशेची. एम-९ च्या आधी अमेरिकी सैन्याकडे एम-१९११ होतं. नावातच साल आहे. सत्तरेक वर्षं ते चाललं. त्याची सेफ्टी अंगठ्याने खाली केली की पिस्तूल झाडायला तयार, वर केली की सेफ. एम-९ मध्ये नेमकं उलटं: वर म्हणजे तयार, खाली म्हणजे सेफ.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत राहतात त्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे भिंतीवरचा दिव्याचा स्विच खाली दाबला की दिवा लागतो. तिथे वर केला की लागतो. डोक्याला हा फरक पाच मिनिटांत समजतो, पण हात पुढे कित्येक आठवडे अंधारात स्विच उलटाच दाबत राहतो. दिव्याच्या बाबतीत "अरे हो" म्हणून हसता येतं.

हातात मुरलेली सवय विचार न करता चालते, आणि म्हणूनच ती संकटात उपयोगी पडते. पण ज्या यंत्रावर ती सवय बनली ते बदललं, तर तीच सवय उलट दिशेने तेवढ्याच खात्रीने चालते. विशेष म्हणजे २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने एम-९ च्या जागी निवडलेल्या एम-१७ ची सेफ्टी परत सांगाड्यावर आहे, आणि खाली म्हणजे तयार.

फ्रेंचांनी एकच गोष्ट बदलली

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेला भाग हा. फ्रान्सच्या जांदार्मरीने, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलिसांनी, १९८० च्या दशकात हेच बेरेटा घेतलं, पण वेगळ्या आवृत्तीत. तिला ९२जी म्हणतात. बाहेरून पाहिलं तर तीच कळ, तीच जागा. फरक एवढाच की कळ खाली दाबली की घोडा खाली येतो, आणि बोट काढलं की कळ स्प्रिंगने आपोआप वर येते. सेफ नावाची अवस्थाच ठेवलेली नाही.

इथे कळ चुकून दाबली जाण्याची शक्यता कमी झाली का? फारशी नाही. हात तोच, पकड तीच. पण दाबली गेल्यावर काय होतं ते बदललं. घोडा खाली येतो, चाप जड होतो. पुढची गोळी अडीचऐवजी साडेपाच किलोच्या जोराने झाडावी लागते, कदाचित नेम थोडा हलतो. पण गोळी सुटते. पहिल्या डिझाइनमध्ये त्याच चुकीची किंमत होती मुका चाप.

आमच्या भाषेत याला ग्रेसफुल डिग्रेडेशन म्हणतात: चूक झालीच तर सिस्टिम एक पायरी खाली उतरावी, सरळ दरीत पडू नये. नेट गेलं तर ॲपने कालचा डेटा दाखवावा, पांढरा स्क्रीन नको. बेरेटाने पुढे एम-९ए३ मध्ये तर एकच पिस्तूल दोन्ही पद्धतींत बदलता येईल अशी सोय दिली.

बाकीच्या पिस्तुलांच्या तऱ्हा

आता कोणी म्हणेल, हा फक्त बेरेटाचा दोष. तसं नाही.

सिग सॉअरचं पी-२२६ घ्या. याचा डीकॉकर सांगाड्यावर डाव्या बाजूला, अंगठ्याच्या पुढे. स्लाइड ओढताना तो हाताखाली येतच नाही. मग गोंधळ कुठे? मॅगझिन रिकामं झालं की स्लाइड मागे अडकून राहते, आणि नवं मॅगझिन घालून ती पुढे सोडायला एक कळ असते. अनेक पिस्तुलांत ही कळ जिथे असते, जवळपास तिथे सिगने डीकॉकर ठेवलाय आणि स्लाइड सोडायची कळ त्याच्या मागे नेलीय. त्यामुळे दुसऱ्या पिस्तुलावर शिकलेला माणूस इथे स्लाइड सोडायला जातो आणि डीकॉकर दाबतो.

हेकलर अँड कोखच्या यूएसपी मध्ये एकाच कळीला तीन जागा आहेत: वर सेफ, मध्ये तयार, आणि त्याच्याही खाली दाबलं तर डीकॉक. एम-१९११ वर शिकलेल्या लोकांना सेफ्टी जोरात खाली करून अंगठा तिच्यावरच टेकवून ठेवायची सवय असते. तिथे खाली फक्त एकच मुक्काम होता. इथे जोर जास्त झाला की मधला मुक्काम ओलांडून सरळ डीकॉक.

आणि वाल्थर पी-९९ मध्ये डीकॉकर म्हणजे स्लाइडच्या वरच्या डाव्या बाजूला बसवलेलं एक सपाट बटण. ते पृष्ठभागाशी समतल आहे, सहज अडकत नाही. पण तळवा वरून टाकून स्लाइड पकडली तर बोटं परत तिथेच.

विमानांनी हा धडा आधीच गिरवलाय

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं बी-१७ हे बॉम्बफेकी विमान उतरल्यावर, धावपट्टीवर असताना, पायलट चाकंच आत घेत. विमान पोटावर बसे. अहवालात कारण लिहिलं जाई: पायलटची चूक. अल्फॉन्स चॅपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं तर फ्लॅपचा आणि चाकांचा स्विच शेजारीशेजारी होते आणि दिसायला सारखे. दुसऱ्या विमानांत, जिथे हे स्विच वेगळे होते, तिथे हा प्रकार होत नव्हता. त्याने चाकांच्या स्विचच्या टोकाला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. न बघता हाताला कळावं म्हणून. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते, ती यामुळेच.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा ४६० "पायलटच्या चुका" गोळा करून त्यांचे प्रकार पाडले. त्यातले तीन ऐका. एका कळीऐवजी दुसरीच वापरणं. सुमारे निम्म्या चुका याच होत्या. कळ उलट दिशेला फिरवणं. आणि नकळत कळ दाबली जाणं. आता मागे वळून बघा. सिगचा गोंधळ पहिल्या प्रकारातला, एम-१९११ वरून एम-९ वर येणं दुसऱ्या, आणि स्लाइड खेचताना सेफ्टी लागणं तिसऱ्या. पिस्तुलं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण चुका याच यादीतल्या.

हे वाचताना तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे, त्याचंच बघा. किती वेळा आवाज कमी करताना नको तो स्क्रीनशॉट निघालाय? पॉवर आणि व्हॉल्यूम एकत्र दाबलं गेलं म्हणून. बरं, स्क्रीनशॉट डिलीट करता येतो. पण अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण पाचदा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागायची सोय आली, तेव्हा २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांना जाहीर सांगावं लागलं की खिशात, पर्समध्ये दाबले गेलेले मुके कॉल ९९९ वर धडाधड येतायत आणि खरे कॉल अडतायत. तेही सुरक्षेचंच फीचर होतं.

शिफ्ट आणि कॅप्स लॉक

यंत्र एका अवस्थेत आणि माणसाच्या डोक्यात दुसरी, याला मोड एरर म्हणतात. रोजचं उदाहरण कॅप्स लॉक: पासवर्ड तीनदा चुकतो, मग लक्षात येतं. शिफ्टच्या बाबतीत असं होत नाही, कारण बोट दाबलेलं आहे तोवरच ती अवस्था टिकते. ॲपलचा मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रास्किनने याला क्वासीमोड असं नाव दिलं. अवस्था लक्षात ठेवायचं काम स्मरणशक्तीकडे राहत नाही, बोटाच्या स्नायूकडे जातं.

गंमत म्हणजे पिस्तुलात हाही प्रयोग झालाय. हेकलर अँड कोखने १९७० च्या दशकात जर्मन पोलिसांसाठी पी-७ बनवलं. मुठीच्या पुढच्या बाजूला एक दांडा आहे. मूठ आवळली की पिस्तूल तयार, सैल सोडली की डीकॉक. वेगळी कळच नाही. पिस्तूल कुठल्या अवस्थेत आहे हे मुठीला सतत कळत असतं. बेरेटाची कळ हा कॅप्स लॉक, पी-७ चा दांडा हा शिफ्ट. अर्थात फुकट काही मिळत नाही: दचकून मूठ आवळली तरी पिस्तूल तयार होतं, आणि यंत्रणा गुंतागुंतीची म्हणून महागही होती.

मग कळच काढून टाकली तर?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने तेच केलं. बाहेर घोडा नाही, डीकॉकर नाही, अंगठ्याची सेफ्टी नाही. चाप प्रत्येक वेळी सारखाच. आपल्याकडे एनएसजीचे कमांडोही ग्लॉक वापरतात. दाबायला कळच नाही, तर चुकून दाबणार काय?

पण मग सगळी जबाबदारी चापावर आणि बोटाच्या शिस्तीवर येते. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ विभागाने बेरेटा सोडून सेफ्टीची कळ नसलेलं, हलक्या चापाचं पिस्तूल घेतलं. त्या काळात तिथे चुकून गोळी सुटण्याच्या घटना २०१२ मधल्या १२ वरून २०१४ मध्ये ३० वर गेल्या. आधीच्या पिस्तुलाचा लांब, जड चाप बोटाची छोटी चूक पोटात घालत होता. नवीन पिस्तूल तसं करत नव्हतं. म्हणजे "पिस्तूल झाडलं गेलं नाही" हा धोका कमी करताना "नको तेव्हा झाडलं गेलं" हा धोका वाढला. धोका नाहीसा झाला नाही, त्याने घर बदललं.

म्हणून "सर्वांत चांगलं पिस्तूल कोणतं" याचं उत्तर मी देणार नाही. पण डिझाइन बघताना तीन प्रश्न विचारता येतात, आणि ते गॅसच्या शेगडीपासून बँकेच्या ॲपपर्यंत सगळीकडे चालतात.

एक: जी हालचाल घाईत करावीच लागते, तिच्या वाटेत दुसरी कळ येते का? बेरेटामध्ये येते.

दोन: ती दाबली गेलीच, तर यंत्र कुठे जाऊन थांबतं? ९२जी मध्ये जड चापावर. एम-९ मध्ये मुक्या चापावर.

तीन: काय झालं ते माणसाला न बघता, न आठवता कळतं का? पी-७ मध्ये कळतं.

या तिन्हींची उत्तरं वाईट असताना "ट्रेनिंग कमी पडलं" असं लिहून फाइल बंद करणं सोपं असतं. ट्रेनिंग लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण एकाच जागी वेगवेगळी माणसं तीच चूक करत असतील, तर तो बग माणसात शोधण्याआधी एकदा कळीकडे बघावं. आम्ही ऑफिसमध्ये "युजरने चुकीचं बटण दाबलं" असं लिहून तिकीट बंद करतो ना, तेव्हा मला हल्ली धावपट्टीवर पोटावर बसलेलं बी-१७ आठवतं.

तुमच्या रोजच्या वापरातली अशी एक वस्तू शोधा, जिच्यात एका कळीला दोन कामं दिलीत, आणि व्हॉइस नोट पाठवा. मिक्सर, गिझर, स्कूटर, काहीही चालेल. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत, भेटू!